एकोणचाळीस मिनिटं

शुक्रवार, ४ डिसेंबर १९५३. अंधेरी.

ही वही शाळेने निरोपाच्या वेळी दिली. शाल, श्रीफळ आणि वही. शाल जयंती पांघरते, श्रीफळाच्या वड्या झाल्या, वही दीड वर्ष कोरी राहिली. रोज उठून लिहावं असं निवृत्त भूगोल-मास्तराच्या आयुष्यात काही घडत नाही. आज लिहायला बसलो, कारण घरात बोलायची पंचाईत झाली आहे.

प्रश्न सोडवण्याआधी काय दिलं आहे ते मांडावं, असं मी मुलांना सांगत असे. तेव्हा मांडतो. उत्तरा आमची एकुलती एक मुलगी. वय सव्वीस. पार्ल्याच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवते. १७ नोव्हेंबरला जेवणं झाल्यावर तिने माझ्यापुढे एक पत्र ठेवलं. आफ्रिकेत, नैरोबी गावात आपल्या लोकांची मुलींची शाळा आहे, तिथे तिची नेमणूक झाली. तीन वर्षांसाठी. अर्ज ऑगस्टमध्ये केला होता. जयंतीला ठाऊक होतं. मला नव्हतं.

मी दोनच वाक्यं बोललो. "विचारायचं नव्हतं तर सांगायचं तरी कशाला?" आणि "विमानतळावर मी पाय ठेवणार नाही." तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. आज सतरा दिवस झाले. काही सांगायचं झालं तर जयंतीमार्फत. "आई, अण्णांना म्हणावं ताट वाढलंय." मी तिथेच, चार फुटांवर बसलेला असतो.

जयंती म्हणते, दोघंही एकाच मुशीतले, आणि मधल्यामध्ये माझा हमाल झालाय.

शब्द फिरवणं मला जमत नाही. शाळेत एकतीस वर्षं मी एकही शिक्षा सांगून मागे घेतलेली नाही.


रविवार, ६ डिसेंबर

मुंबई ते नैरोबी अंतर किती, हे नुसतं कुतूहल म्हणून काढलं. त्यात दुसरं काही नाही.

पृथ्वीचा गोल कपाटावरून काढला, पुसला. जयंतीच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला. एक टोक मुंबईवर, दुसरं नैरोबीवर, ताणून धरला आणि विषुववृत्ताशी ताडून पाहिला. साधारण पावणेतीन हजार मैल. दोरा सैल पडतो, त्यामुळे खात्री नाही. मग लॉगची कोष्टकं काढून गोलावरच्या त्रिकोणाचं सूत्र घातलं. तीन वेळा केलं. दोन हजार आठशे वीस मैल.

जयंती दोरा शोधत आली. गोलावर पसरलेला पाहून म्हणाली, "नाव उत्तरा ठेवलंत आणि लेक निघाली दक्षिणेला."

"विषुववृत्ताच्या खाली जेमतेम दीड अंश," मी म्हटलं. "त्याला दक्षिण म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

दोरा गुंडाळून तिला परत दिला.

एक गोष्ट आठवली ती लिहून ठेवतो. उत्तरा सात-आठ वर्षांची असताना गिरगावच्या आमच्या खोलीत मी फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढत होतो. दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी. किनारा मी न पाहता काढू शकतो, अजूनही. ती बघत बसली होती. म्हणाली, "अण्णा, तुम्ही हे सगळं पाहिलंय?" मी म्हटलं, पाहिलं नसलं तरी माहीत असतं. ती म्हणाली, "असं कसं?"

मी बेळगावच्या पलीकडे कधी गेलेलो नाही.


शुक्रवार, ११ डिसेंबर

विमान कंपनीची वेळापत्रकाची पुस्तिका घरात आली आहे. टेबलावर पडली होती म्हणून पाहिली.

एक तर अंतर चुकीचं. तीन हजार तीस मैल लिहिलंय. नंतर नकाशा पाहिल्यावर लक्षात आलं, विमान वाटेत एडनला उतरतं. म्हणजे दोनशे दहा मैलांचा वळसा. ठीक आहे, ते मान्य.

पण वेळ! मुंबई सोडणार सकाळी सव्वानऊला, नैरोबीला पोचणार संध्याकाळी सातला. म्हणजे पावणेदहा तास. एडनला सव्वा तास थांबणार, तो वजा केला तर साडेआठ. साडेआठ तासांत तीन हजार तीस मैल म्हणजे ताशी तीनशे छप्पन्न! आणि याच पुस्तिकेत तीन पानं पुढे विमानाचा वेग दिलाय तो तीनशेच्या आत. स्वतःच्याच पुस्तिकेत दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगणाऱ्यांच्या हाती लोक आपला जीव देतात.

कंपनीला सडकून पत्र लिहिलं. सगळं गणित मांडून. जयंतीकडे टपालात टाकायला दिलं. आज बऱ्याच दिवसांनी भूक लागल्यासारखी वाटली.


रविवार, १३ डिसेंबर

पत्र टाकलं गेलं नव्हतं, जयंतीने ते उत्तराला दाखवलं असावं. आज सकाळी स्वयंपाकघरातून मोठ्याने आवाज आला, मला ऐकू यावा इतका मोठा. "आई, अण्णांना सांग, नैरोबीचे सात म्हणजे नैरोबीच्या घड्याळातले सात. तिथली वेळ आपल्या अडीच तास मागे. ते मिळवायचे राहिलेत."

मिळवले. सव्वाबारा तास. थांबण्याचा वेळ वजा जाता अकरा. ताशी दोनशे पंच्याहत्तर मैल. अगदी बरोबर.

पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना वेळ मागे पडते हे मी एकतीस वर्षं पाचवीच्या पोरांना शिकवलं. न येणाऱ्याला बाकावर उभं केलं. आणि मीच विसरलो. वयाचा परिणाम असावा, दुसरं कारण दिसत नाही.

पत्र फाडलं. सव्वाबारा तास! बोटीने मोंबासा गाठायला नऊ-दहा दिवस लागतात. बोटीत माणूस डेकवर उभा राहतो, पाणी बघतो, आपण काय करतोय याचा विचार करतो. विमानात सकाळी इथे चहा आणि रात्रीचं जेवण तिकडे. अंतर काही कमी झालेलं नाही, दोन हजार आठशे वीसचं दोन हजार आठशे वीसच आहे. फक्त विचार करायला वेळ ठेवलेला नाही.


रविवार, २० डिसेंबर

आज घड्याळावरून वाजलं. म्हणजे जयंतीचं आणि माझं.

आमचं भिंतीवरचं घड्याळ मुंबई टाइम दाखवतं. स्टँडर्ड टाइमच्या एकोणचाळीस मिनिटं मागे. माझ्या वडिलांनी ते तसं लावलं आणि मी तसंच चालवत आलो. कारण सरळ आहे. मुंबईत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा मुंबईचे बारा. स्टँडर्ड टाइम तिकडे अलाहाबादेजवळच्या रेघेवरचा. तिथला सूर्य मी माझ्या भिंतीवर का लावू? सरकारने मुंबईकरांची एकोणचाळीस मिनिटं फुकट काढून घेतली, असं वडील म्हणत. पूर्वी निम्मी मुंबई या वेळेवर चालायची. तीन-चार वर्षांपूर्वी म्युनिसिपालिटीनेही नांगी टाकली. आता आमचं घर, आणि असतील आणखी काही जुनी खोडं.

घरात कोणाची अडचण होत नाही. गाडी गाठायची तर घड्याळाकडे बघून एकोणचाळीस मिळवायचे. उत्तरा बोलायला लागली तेव्हापासून मिळवते. तिचं पाढ्यांआधीचं गणित ते. अलीकडे तिने मनगटी घड्याळ घेतलंय, त्यात मात्र स्टँडर्ड टाइम. मी त्याकडे बघत नाही.

तर जयंती म्हणाली, "त्या दिवशी पहाटेच्या गडबडीत कोणीतरी मिळवायला विसरेल आणि तुमच्या त्या घड्याळापायी पोरीचं विमान चुकेल."

मी म्हटलं, "चुकलं तर चुकलं."

जयंतीने वही उचलून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "हे तुम्ही वहीत लिहा. पुढे कधीतरी वाचायला बरं."

म्हणून लिहिलं.


सोमवार, २८ डिसेंबर

परदेशी जाणाऱ्यांना सुया टोचून घ्याव्या लागतात. शनिवारी टोचली, काल दिवसभर उत्तराला ताप. दुपारी जयंती डोळा लागून पडली होती. थर्मामीटर माझा आहे आणि तो नीट झटकून लावावा लागतो, म्हणून मी लावला. एकशे दोन. कपाळावरची पट्टी सुकली होती, ती ओली करून ठेवली. उत्तरा झोपेत होती. चार वाजता पुन्हा पाहिला, शंभर. पाचला नव्याण्णव.

आज उठून हिंडतेय. दंड चोळत आईला म्हणाली, "काल कोणीतरी पट्ट्या इतक्या ओल्या ठेवत होतं की उशी भिजली."

जयंती म्हणाली, "मी नव्हते बाई."


रविवार, ३ जानेवारी १९५४

विमानात चव्वेचाळीस पौंड सामान नेता येतं, त्यावर एक पौंड नाही. बॅग भरून झाली पण वजन कुठे करायचं? वाण्याचा काटा एवढी बॅग घेत नाही. शेवटी जळाऊ लाकडाच्या वखारीत नेली. उत्तरा आणि जयंती पुढे, मी बॅग घेऊन मागे. एवढी जड बॅग बायकांनी उचलणं बरं दिसत नाही.

वखारवाला दत्ताराम मालवणकडचा. लाकडाचा भुसा झटकून त्याने बॅग काट्यावर चढवली. साडेसत्तेचाळीस. साडेतीन पौंड जास्त.

"मास्तर, चेडवाक थेट आफ्रिकेक धाडतास?" तो म्हणाला.

"मी धाडत नाही. ती जातेय."

"ता एकच," दत्ताराम म्हणाला. "मी पयल्यांदा मुंबयक इलंय, तेव्हा माझी आवस आठ दीस धड जेवली नाय. मालवण ता किती लांब? बोटीचो एक दीस."

मी त्याला अंतर सांगितलं. दोन हजार आठशे वीस, वळसा धरून तीन हजार तीस. त्याने काट्यावरची मापं उतरवत विचारलं, "लांब म्हणजे आवशीक किती मैलांपासून लांब वाटता, मास्तर?"

आईला किती मैलांपासून लांब वाटतं, असल्या प्रश्नांना काही अर्थ नसतो. पण वाटेत तो डोक्यातून जाईना.

घरी बॅग उघडली. जयंती मेतकूट काढायला तयार नाही, उत्तरा पुस्तकं काढायला तयार नाही. पुस्तिकेत मी वाचलं होतं की अंगावरचा कोट वजनात धरत नाहीत. मी जयंतीला म्हटलं, "कोणाला तरी सांग, कोट हातात घ्यायचा आणि मेतकूट, मसाला कोटाच्या खिशांत घालायचा."

उत्तरा खाली मान घालून हसली. मी पाहिलं. पंधरा मिनिटांत मेतकूट कोटात गेलं. जयंतीने संक्रांतीसाठी केलेल्या हलव्याची पुडीही वरच्या खिशात घातली. कोटच आता सहा पौंडांचा झाला असेल.


शुक्रवार, ८ जानेवारी

उद्या सकाळी. पावणेआठला विमानतळावर हजर राहायचं, सव्वानऊला विमान. सांताक्रूझ इथून तीन मैल. काशीराम टांगेवाल्याला सातला बोलावलंय, स्टँडर्ड टाइम, हे त्याला दोनदा बजावलं. जयंती तिच्याबरोबर जाणार. मी घरी.

आज बावन्न दिवस.

खरं लिहायचं तर राग आता नीटसा सापडत नाही. सकाळी शोधला. विचारलं नाही याचा राग, असं मी जयंतीला सांगतो. पण विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, आणि तिला ते माहीत होतं, म्हणून तिने विचारलं नाही. तिचं उत्तर बरोबर आहे, रीत चुकली. अशा उत्तराला मी अर्धे गुण देत असे.

मग आणखी एक मनात येतं, तेही लिहून टाकतो. जो किनारा मी एकतीस वर्षं खडूने काढला तो ती उद्या खिडकीतून बघणार. मला कधीही विचारलं नाही कोणी, अण्णा, तुम्हाला यायचंय का. कोण विचारणार, आणि मी काय सांगणार?

संध्याकाळी दोघी शेजारी निरोप घ्यायला गेल्या होत्या तेव्हा स्टूल घेतलं आणि घड्याळ एकोणचाळीस मिनिटं पुढे केलं. जयंती म्हणाली ते मनात होतं. उद्याच्या गडबडीत कोणी मिळवायला विसरलं तर? एका दिवसापुरती अलाहाबादची वेळ भिंतीवर राहिली म्हणून सूर्य काही रागावणार नाही. रविवारी परत मागे घेईन.

कोणाला सांगितलं नाही. सांगायला गेलो तर जयंती हसेल, आणि दुसरीशी माझं बोलणं नाही.


शनिवार, ९ जानेवारी

उत्तरा गेली. सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल. गोंधळ माझ्यामुळेच झाला.

सकाळी सहा वीसला मी आरामखुर्चीत होतो. घड्याळात सहा वीस, आणि खरेही सहा वीसच. उत्तरा आंघोळ करून, नेसून बाहेर आली, भिंतीकडे पाहिलं आणि ओरडली, "अगं आई, सहा वीस! म्हणजे सहा एकोणसाठ! सात वाजले! टांगा कुठाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसलोय. बोलायला शिकल्यापासून या पोरीने या घड्याळात एकोणचाळीस मिळवलेत. घड्याळ बदललं तरी सवय कशी बदलेल? सांगायला हवं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जयंतीची तारांबळ उडाली. देवापुढचा दिवा लावायचा राहिला, उत्तराच्या हातावर घालायचं दही वाटीतच राहिलं. "तो मेला काशीराम! आज नेमका झोपला! आता गं काय करायचं?"

मी तोंड उघडणार होतो. "थांबा, वेळ आहे, घड्याळ मी पुढे केलंय." एवढं एकच वाक्य. तेवढ्यात उत्तरा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, नाक्यावरून टांगा आणता? प्लीज. पळा."

त्रेपन्न दिवसांनी. मी उठलो आणि पळालो. धोतरावर कोट, पायात घरातल्या सपाता. नाक्यावर एक टांगा उभा होता, तो दारात आणला. बॅग पुढे चढवली, ती धरून बसायला कोणीतरी हवं होतं, घोडेवाला म्हणाला, मालक तुम्हीच बसा. बसलो. टांगा सुटला. मी विमानतळावर निघालोय, हे गुंदवली मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं. शब्द मोडायचा माझा बेत नव्हता. पण अडचणीच्या वेळी माणूस शब्द बघत बसत नाही.

बाहेर अजून झुंजुमुंजू होतं. जानेवारीत सात वाजता पूर्व चांगली उजळलेली असते. भूगोल-मास्तराची मुलगी, पण आभाळाकडे बघायचं तिला सुचलं नाही. कोटाची घडी तिने डाव्या हातावर घेतली होती, अगदी पंजापर्यंत, वाटभर ती तिथून हलवली नाही. आणि एवढी घाई करून निघालेली, पण टांगा धावायला लागला तसं घोडेवाल्याला म्हणते, "सावकाश चला हो, घोड्याला कशाला मारता!" माणूस घाबरला की काय बोलेल याचा नेम नाही.

विमानतळाच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे. सात वाजून सहा मिनिटं. खिडकीमागचा माणूस म्हणाला, पावणेआठच्या आधी सामान घेत नाही, बसा.

जयंती मटकन खाली बसली. "अहो, हे कसं झालं?" मी म्हटलं, "तुझी घड्याळं तू बघ." काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. ती चहा कुठे मिळतो का बघायला गेली, आणि बाकावर आम्ही दोघं उरलो.

मग उत्तरा म्हणाली, "अण्णा, थेट अंतर किती आलं तुमचं?"

"दोन हजार आठशे वीस."

"कसं काढलंत?"

गणिताचा कागद कोटाच्या खिशात निघाला. कोट कुठलाही घातला तरी तो कागद त्यात असतो हल्ली. तिला समजावून सांगितलं. सपाट नकाशावर जी रेघ सरळ दिसते ती गोलावर सरळ नसते, सगळं. ती गणिताची शिक्षिका आहे, तिला हे ठाऊक असणार, पण तिने तिसऱ्या पायरीला एक शंका विचारली आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग ती म्हणाली, "विमान जवळून पाहिलंय तुम्ही?"

"रोज डोक्यावरून जातं."

"जवळून म्हणतेय."

कठड्यापाशी गेलो. विमान समोर उभं होतं, चार पंखे, शेपटीला तीन सुकाणू. मी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पायांत सपाता होत्या, लोक बघत होते, पण तिने माझा हात धरला होता त्यामुळे तसं काही वाटलं नाही.

"खिडकीची जागा मिळाली तर," मी म्हटलं, "एडन सोडल्यावर उजवीकडे बघ. किनारा दिसेल. खाली वळत जातो."

"फळ्यावर काढायचात तसाच?"

"तसाच असायला हवा. नसला तर कळव."

"आणि तुम्हाला राग?"

"कसला?"

"बरं," ती म्हणाली. मग, "मी विचारायला हवं होतं, अण्णा."

"मी नाही म्हणालो असतो."

"ते माहीत होतं. तरी विचारायला हवं होतं."

मला पुष्कळ बोलायचं होतं. शेवटी म्हणालो काय, तर "घड्याळ एडनला बदलू नकोस. उगाच दोनदा बदलायला लागतं आणि चुकतं. नैरोबीला पोचल्यावर एकदाच अडीच तास मागे घे." तिने कोट बाजूला करून मनगट पुढे केलं. मी पहिल्यांदाच ते घड्याळ नीट पाहिलं. सात एकोणचाळीस. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाशी मिनिटाचाही फरक नव्हता.

पावणेआठला सामान घेतलं. चव्वेचाळीसला थोडं कमी. "येते," म्हणून वाकली, आईच्या पाया पडली, माझ्या पडली. सपातांना हात लागला तिचा.

सव्वानऊच्या जागी नऊ बावीसला विमान सुटलं. सात मिनिटं उशीर. दिसेनासं होईपर्यंत आम्ही उभे होतो. मग मी जयंतीला म्हणालो, "ऊन लागेल, चल," आणि मलाच रडू आलं. चारचौघांत. लिहायला लाज वाटते, पण आलं.


रविवार, १० जानेवारी

तार आली. सुखरूप पोचले.

सकाळी काशीराम भांडायला आला होता. काल बरोबर सातला दारात आला तर घराला कुलूप. "मास्तर, दोनदा बजावलंत, सातला ये सातला ये, आणि तुम्हीच गुल!" त्याची समजूत घातली. जयंती ऐकत होती. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही पुढे केलं होतंत."

"हो."

"कुणाला न सांगता."

"हो."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. चहा ठेवते म्हणाली.

घड्याळ आज मागे घ्यायचं होतं. स्टूल काढलं नाही.


मंगळवार, १९ जानेवारी

उत्तराचं पत्र आलं. पाकीट उघडताच हलव्याचे चार दाणे टेबलावर सांडले. दोन जयंतीचे, दोन माझे असणार.

पत्रातला माझ्यापुरता मजकूर इथे उतरवून ठेवतो.

"...एडननंतर खिडकीतून किनारा दिसला. तुम्ही काढायचात त्याहून थोडा जास्त वाकडा आहे, पण ओळखू आला. मी शेजारच्या बाईंना म्हटलं, हा माझ्या वडिलांनी काढलेला. त्यांना काही कळलं नाही. घड्याळ एडनला बदललं नाही. हवेत एकूण अकरा तास पाच मिनिटं, तुमच्या हिशेबात पाच मिनिटांची चूक. माझ्या घड्याळाची नाही. नोव्हेंबरपासून रोज रेडिओच्या वेळेवर लावतेय, मिनिटभरही मागेपुढे झालेलं नाही, आणि ते माझ्या हातावरून कधी उतरत नाही हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुम्हाला सपातांत पळवलं, त्याची माफी मागते. आईला दह्याचं वाईट वाटून घेऊ नको म्हणावं."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माफीचं कारण कळेना. पळावं तर लागणारच होतं, घड्याळ मी बिघडवलेलं. यात तिचा काय दोष? मग वही काढली आणि ९ तारखेचं पान वाचलं. जयंती म्हणाली होती, पुढे कधीतरी वाचायला बरं.

काय दिलं आहे ते मांडलं.

तिच्या हातावर घड्याळ होतं. ते कधी उतरत नाही. ते बरोबर होतं, आणि त्यात सहा वीस वाजले होते. भिंतीवर सहा वीस वाजले होते. दोन्हीकडे तेच. म्हणजे भिंतीवरचं घड्याळ पुढे केलेलं आहे हे तिला बघताक्षणी कळलं. कोणी केलं असेल तेही कळलं, घरात स्टुलावर चढणारा मी एकटाच. आणि सात वाजलेले नाहीत, टांगा वेळेवर येणार आहे, घाई कसलीच नाही, हेही तिला माहीत होतं.

तरी ती ओरडली, सात वाजले. तरी मनगट कोटाखाली झाकून धरलं. आभाळाकडे बघायचं तिला सुचलं नाही असं मी लिहिलंय. गाढव मी. आणि तो घोडा, सावकाश चालवा म्हणाली तो.

मी तीनदा ताळा करून पाहिला. दुसरं उत्तर येत नाही.

मला खुर्चीतून उठवायचं होतं तिला. शब्द मोडायला मला लाज वाटेल हे ओळखून तिने मला शब्द आठवायलाच वेळ ठेवला नाही. आणि वर वेळ ठेवला तो असा, सात सहापासून पावणेआठपर्यंत. वजाबाकी करायची गरज नव्हती, तरी केली.

पत्र घेऊन स्वयंपाकघरात गेलो. जयंतीला म्हटलं, "अगं, तिला माहीत होतं." जयंती पोळी लाटत होती. म्हणाली, "माझ्या लक्षात विमानतळावरच आलं. चहा शोधायला कोण जातं हो त्या वेळी?"

माझे वडील जन्मभर म्हणत राहिले, सरकारने आपली एकोणचाळीस मिनिटं घेतली ती कधी परत मिळायची नाहीत. मला मिळाली. सगळीच्या सगळी, सांताक्रूझच्या बाकावर, माझ्या मुलीने आणून दिली, आणि मी त्यातली निम्मी गोलावरचा त्रिकोण समजावण्यात घालवली.

उद्या पत्र लिहीन. "मी येणार नाही म्हणालो होतो, ते चुकलं माझं," हे वाक्य पहिलं. मग किनाऱ्याचं विचारीन, नेमका कुठे जास्त वाकडा आहे ते.

जयंतीने मघाशी विचारलं, घड्याळ मागे कधी घेणार? म्हटलं, राहू दे. मुंबई टाइममधून नैरोबीची वेळ काढायची तर एक तास एक्कावन्न मिनिटं वजा करावी लागतात. यातून अडीच तास वजा करायला सोपे.

आत्ता इथे सव्वासात झालेत. तिकडे पावणेपाच. शाळा सुटली असेल.